बेडकातला जंत आणि आजीचा पाय

शेलूला राहायला आल्यापासून दर पावसाळ्यात माझ्या बाथरूममध्ये एक पाहुणा येतो. जून संपता संपता खिडकीच्या जाळीतून कसा कोण जाणे आत शिरतो आणि गीझरच्या मागे चिकटून बसतो. तपकिरी रंग, मोठाले डोळे, बोटांच्या टोकाला गोल चकत्या. झाडावरचा बेडूक. पहिल्या वर्षी मी त्याला झाडूने हाकलायचा प्रयत्न केला होता, आता आमची ओळख झाली आहे. (भाडं देत नाही, पण किडे खातो, त्यामुळे चालतं.)

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी शाळेतला एक मित्र मुक्कामाला आला. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेलो आणि हा झूलॉजीला. तिथेच न थांबता आता तो बेडकांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करतो. त्याने बाथरूममधून जी आरोळी ठोकली ती ऐकून मला वाटलं साप निघाला. "अरे, हा तर पॉलिपेडेटस!" मग अर्धा तास तो आणि बेडूक, आणि बाहेर मी, टॉवेल घेऊन रांगेत.

रात्री भजी खाताना (हो, विषय जंतांचा आणि पानात कांदाभजी. मित्रांना वेळकाळ नसतो) त्याने सांगितलं की अशा झाडावरच्या बेडकांच्या आतड्यात गोल जंत असतात आणि त्यातले कित्येक अजून कुणी नोंदवलेलेच नाहीत. नवी जात सापडली तर नुसतं "मला सापडली" म्हणून चालत नाही. जंत सरळ राहावा म्हणून त्याला गरम अल्कोहोलमध्ये मारायचा, ग्लिसरीनमध्ये ठेवून काचेसारखा पारदर्शक करायचा, मग मायक्रोस्कोपखाली एकेक अवयव मोजायचा. नर आणि मादी वेगवेगळे. नराच्या शेपटीजवळ दोन बारीक काटे असतात, त्यांची लांबी मायक्रॉनमध्ये. शेपटीवरच्या सूक्ष्म उंचवट्यांची संख्या. सगळ्याची हाताने काढलेली चित्रं. आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीपेक्षा हा वेगळा कसा, याचा तक्ता. आणि शेवटी नमुना एखाद्या संग्रहालयात जमा करायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तो बाटली उघडून तपासू शकेल.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड, डॉक्युमेंटेशन, टेस्ट केसेस आणि बॅकअप, सगळं एकत्र. आमच्या प्रोजेक्टमध्ये एवढी शिस्त असती तर मी शनिवारी सुखाने झोपलो असतो. असो.

मी आपला सरळमार्गी इंजिनिअर. विचारलं, "ठीक आहे, पण याचा उपयोग काय? बेडकाच्या पोटात जंत असला काय, नसला काय?"

तो भजी खाता खाता म्हणाला, "तुझ्या आजीच्या पायाला काय झालं होतं रे?"

मी गप्प.

माझी आजी मराठवाड्यातली. तिच्या डाव्या घोट्याच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढा, चकचकीत, सुरकुतलेला डाग होता, आणि तो पाय ती जरा ओढत टाकायची. लहानपणी विचारलं की म्हणायची, "नारू निघाला होता." मला वाटायचं नारू म्हणजे गळू वगैरे काहीतरी. ती लग्न होऊन आली त्यानंतरचा दुसरा का तिसरा उन्हाळा. पायाला फोड आला, आग आग झाली, फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं. मग रोज सकाळी तो दोरा काडीवर थोडा थोडा गुंडाळायचा. ओढायचा नाही. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. आजीचा तुटला.

तो दोरा म्हणजे जिवंत जंत. मादी. लांबी ७० ते ८० सेंटिमीटर, कधी मीटरभरही.

मित्र दुसऱ्या दिवशी लोकलने गेला, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. (जंत म्हणायला हवं खरं तर.) पुढचे काही वीकएंड मी नारूबद्दल मिळेल ते वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय.

नारूइतका जुना आणि उघड्यावरचा जंत दुसरा नसेल. हजारो वर्षं माणसं त्याला स्वतःच्या पायातून निघताना बघत आली. १७५८ साली लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं, गॉर्डियस मेडिनेन्सिस. मेडिनेन्सिस म्हणजे मदिनेचा. पुढे त्याचं ड्रॅकन्क्युलस झालं, म्हणजे छोटा ड्रॅगन. नाव मिळालं, म्हणजे ओळख पटली असं वाटतं ना? पण तो माणसात शिरतो कुठून हे नाव देणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि पुढची शंभर वर्षं कुणालाही कळलं नाही. त्याचा नर कसा दिसतो हेसुद्धा माहीत नव्हतं, कारण पायातून बाहेर येते ती फक्त मादी.

आता या गोष्टीत मुंबई येते. १८५०च्या दशकात मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर होता. मोठा चौकस माणूस. अरबस्तानच्या किनाऱ्याच्या सर्वेक्षणाला जाऊन आलेला, भूगर्भशास्त्र लिहिणारा, पुढे इंग्लंडला परतल्यावर समुद्री स्पंजांवर आयुष्य घालवणारा. त्या वेळी मुंबईत पाणी तळ्यांचं आणि विहिरींचं, आणि नारू घरोघरी. कार्टरने तळ्यांचं पाणी आणि शेवाळ मायक्रोस्कोपखाली घातलं तर त्यात बारीक गोल जंत वळवळताना दिसले. मोकळे, कुणाच्याही पोटात नसलेले. त्याने त्यांची वर्णनं लिहिली, चित्रं काढली, नावं दिली. आणि निष्कर्ष काढला की हेच जंत आंघोळ करणाऱ्यांच्या कातडीतून आत शिरतात आणि वाढून नारू होतात.

तर्क अगदी पटण्यासारखा. नारू पायाला येतो, माणसं पाण्यात पाय घालतात, पाण्यात जंत आहेत. फक्त चूक होता. ते जंत वेगळेच होते, आयुष्यभर पाण्यात राहणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आम्ही रात्री दोनला लॉग बघून "हाच प्रॉब्लेम!" म्हणतो आणि सकाळी कळतं की ती ओळ तर वर्षभर तिथे होतीच, तसं.

उत्तर मिळालं ते मुंबईपासून फार दूर, रशियन तुर्कस्तानात. अलेक्सी फेदचेंको नावाच्या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने १८७०च्या सुमाराला नारूच्या पिल्ल-अळ्या पाण्यात सोडल्या आणि बघितलं तर त्या सायक्लॉप्सच्या पोटात गेल्या होत्या. सायक्लॉप्स म्हणजे झिंग्याच्या दूरच्या नात्यातला, टाचणीच्या डोक्याहून लहान, एक डोळ्याचा पाण्यातला जीव. आपल्या कुठल्याही विहिरीत असतो. अळी त्याच्या आत कात टाकते, वाढते. म्हणजे माणूस पाण्याबरोबर सायक्लॉप्स गिळतो आणि नारू कातडीतून नाही, तोंडातून आत जातो. फेदचेंकोने असे सायक्लॉप्स कुत्र्यामांजरांना खायला घालून पाहिले, पण त्यांच्यात नारू झाला नाही. पुरावा अर्धाच राहिला. १८७३ साली तो आल्प्सच्या बर्फात, माँ ब्लांवर, मेला. वय २९. (माझ्याहून जेमतेम मोठा. मी अजून बग फिक्स करतोय.)

कुत्र्यांवरचा तो फसलेला प्रयोग लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे रॉबर्ट लायपरने दाखवलं की पोटातल्यासारख्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो पण आतली अळी ताजीतवानी होऊन बाहेर येते. त्याने माकडाला असे सायक्लॉप्स दिले, सहा महिन्यांनी तपासलं तर माकडात नारूच्या माद्या आणि नर, दोन्ही सापडले. राहिला फक्त माणूस.

तो शेवटचा टप्पा मुंबईत पार पडला. परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, हाफकिनने प्लेगसाठी काढलेली प्रयोगशाळा होती. तिचं नाव त्या काळात बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. तिथल्या डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी अळ्या असलेले सायक्लॉप्स स्वयंसेवकांना पाण्यातून प्यायला दिले, आणि त्यांना नारू झाला. १९१४ साली हे प्रसिद्ध झालं. फेदचेंकोचं म्हणणं माणसावर सिद्ध झालं ते इथे, आपल्या परळला.

इथे मी वाचायचा थांबलो होतो. एक ग्लास पाणी प्यायचं, आणि मग जवळजवळ वर्षभर वाट बघायची की आपल्या पायातून तो कधी निघतो. पुस्तकांत तुर्खुड यांचं नाव येतं, लायपरचं येतं, फेदचेंकोच्या नावाची तर हिमनदी आहे. ते पाणी प्यायलेल्यांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

आता हे सगळं जोडून आजीच्या गावच्या बारवेत ठेवून बघा. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाणी आणायला माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभा राहतो. ज्याच्या पायाला नारूचा फोड आलाय, आग होतेय, त्याला गार पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स त्या खातात, दोनेक आठवड्यांत अळ्या तयार होतात, आणि शेजारी घागर बुडवणाऱ्याच्या घरी जातात. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की त्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची गर्दी जास्त. आणि जंताला वाढायला साधारण वर्ष लागतं, त्यामुळे तो निघतो तो बरोबर पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा बारव पुन्हा आटलेली असते. इतकं पक्कं शेड्युलिंग मी तरी कुठल्या सिस्टिममध्ये पाहिलेलं नाही.

आणि हे एकदा कळलं की उपाय पोरखेळ वाटतो. पाणी कापडातून गाळा. बारवेच्या पायऱ्या बंद करून वरून पोहऱ्याने पाणी काढा. नारूवाल्याला पाण्यात उतरू देऊ नका. औषध नको, लस नको. (दोन्ही आजही नाहीत.) रशियनांनी बुखाऱ्यात लिओनिद इसायेवच्या हाताखाली १९२०च्या दशकात हेच केलं, तळी उपसली, सुधारली, आणि १९३१च्या सुमाराला तिथला नारू संपला.

आपल्याकडे? १९१४ला परळमध्ये सिद्ध झालं. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती आणि स्वीट यांनी विहिरीत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. क्नुट लिंडबर्गने दख्खनमधल्या नारूची पाहणी करून १९४६ साली ती छापली. माहिती होतीच. पण माहिती कागदावर आणि आजी बारवेत. गाळून प्या म्हणणं सोपं, पण दुसरं पाणी हवं ना. कुणी कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं हे ठरवणारा शास्त्रज्ञ नव्हता, गाव होतं. आमच्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला १९२७ साली तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. वाट्याला जे पाणी येईल तेच प्यायचं अशी ज्यांची स्थिती, त्यांच्यासाठी तुर्खुडांचा अहवाल असून नसल्यासारखा.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला १९८३-८४मध्ये. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण, महाराष्ट्रासह सात राज्यांत. मग गावोगाव हातपंप आले, बारवांच्या पायऱ्या बंद झाल्या, पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध पडायला लागलं, गाळणीची फडकी वाटली गेली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९१४ ते १९९६. ब्याऐंशी वर्षं. आजीचा पाय त्या ब्याऐंशी वर्षांमधला आहे.

इथे मला वाटलं लेख संपला. मित्राला फोन करून सांगितलं, "वाचलं सगळं. पण यात तुझा बेडूक कुठे आहे?" तो म्हणाला, "चाड वाच."

तर चाड. आफ्रिकेतला देश. जगातला नारू संपवायची मोहीम १९८६पासून कार्टर सेंटरने उचलून धरली आहे, म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था. (एक कार्टर मुंबईत चुकला, दुसऱ्या कार्टरने जवळजवळ संपवत आणलं. नातं काही नाही, गंमत म्हणून सांगितलं.) १९८६ला जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३मध्ये १४. पस्तीस लाखांवरून चौदा! पण शून्य काही होईना. चाडमध्ये दहा वर्षं एकही रुग्ण नव्हता, आणि २०१०मध्ये अचानक पुन्हा सापडले. इथे एक, तिथे एक. एका विहिरीवरचं अख्खं गाव आजारी, असा नेहमीचा नमुना दिसेना. आणि २०१२मध्ये लक्षात आलं की नदीकाठच्या कुत्र्यांच्या पायांतून नारू निघतायत. २०१९मध्ये एकट्या चाडमध्ये १९००हून जास्त कुत्री.

फेदचेंकोचा फसलेला प्रयोग आठवला? कुत्रा जिभेने पाणी पितो, त्यात किती सायक्लॉप्स जाणार? मग कुत्र्यांना एवढा नारू कसा?

पहिला प्रश्न, हा तोच जंत का? इथे माझ्या मित्राची विद्या येते. या कुळातल्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या दिसायला जवळजवळ सारख्या. फरक कळतो तो नरावरून, त्या बारीक काट्यांच्या मापांवरून, आणि नर तर हाती लागत नाही. नारूचं नीट, पूर्ण पुनर्वर्णन मूर्तींनी केलं ते १९३७ साली, म्हणजे लिनियसने नाव दिल्यावर १७९ वर्षांनी. चाडमध्ये डीएनए तपासून ठरवावं लागलं. जंत तोच होता, माणसाचा.

दुसरा प्रश्न, आला कुठून? याचं उत्तर कुणी नारूच्या फायलीत शोधलं असतं तर मिळालं नसतं. ते होतं सापांच्या जंतांच्या फायलीत. १९३८ साली अमेरिकेत स्टर्लिंग ब्रॅकेटने तिथल्या सापांमधल्या ड्रॅकन्क्युलसची एक नवी जात वर्णन केली. साप काही सायक्लॉप्स शोधून खात नाही. ब्रॅकेटने दाखवलं की टॅडपोल सायक्लॉप्स खातात, अळी टॅडपोलच्या अंगात न वाढता तशीच थांबून राहते, आणि टॅडपोल खाल्ला की खाणाऱ्याच्या अंगात पुढचा प्रवास सुरू. आपल्याकडेही १९६९ साली देशमुख यांनी सापातली ड्रॅकन्क्युलस आली ही जात वर्णन केली. त्या काळी कुणीतरी त्यांना नक्की विचारलं असणार, "सापातल्या जंताचा उपयोग काय हो?"

मग १९९५ साली मार्क एबरहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने रॅकूनमध्ये आढळणाऱ्या नारूच्या भाऊबंदावर काम करताना दाखवलं की अळ्या टॅडपोलमधून मोठ्या बेडकातही टिकतात. बेडूक म्हणजे अळीची टॅक्सी. हेच एबरहार्ड पुढे चाडच्या कोड्यावर काम करायला गेले. काय शोधायचं हे त्यांना माहीत होतं. २०१६मध्ये चाडमधल्या रानातल्या बेडकात खऱ्या नारूची अळी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. मासे साफ करून टाकलेली आतडी आणि बेडूक, यांतून कुत्र्यांना नारू होत असावा असं आता मानतात. म्हणून तिथे आज गावोगाव सांगतात, माशाची घाण पुरा, मासे नीट शिजवा, नारूवालं कुत्रं बांधून ठेवा. बांधणाऱ्याला बक्षीसही मिळतं.

दोन-तीन कोरड्या वर्णनांमधली एक नोंद, पाऊणशे वर्षं कपाटात पडून राहिलेली. ती नसती तर चाडमध्ये अजून विहिरीच गाळत बसले असते.

जिमी कार्टर म्हणायचे की शेवटचा नारू माझ्या आधी मेला पाहिजे. ते डिसेंबर २०२४मध्ये शंभराव्या वर्षी गेले. नारू थोडासा उरला आहे.

आज सकाळी जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीजवळ गेलो होतो. टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्यापासून वीतभर वर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला. साबणाचा फेस वाटला होता, पण मित्राला फोटो पाठवला तर म्हणाला घरटं आहे, तुझ्या गीझरवालीचं. (म्हणजे ती बाई होती. इतके दिवस मी "तो" म्हणत होतो. वर्णन अपूर्ण, दुसरं काय.) थोड्या दिवसांनी त्यातून टॅडपोल टपाटप पाण्यात पडतील, पाण्यातलं मिळेल ते खातील, शेपटी गळेल आणि झाडांवर चढून जातील. त्यांच्या पोटात काय असेल ते मित्र बघेल. सोसायटीचा वॉचमन ब्रश घेऊन आला होता. त्याला म्हटलं, काका, आठवडाभर राहू द्या.

आणि घरी येऊन, सवय लागलीये म्हणून, पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं. शेलूला नारू नाही, देशातच नाही. आजी मात्र नळाचं पाणीसुद्धा शेवटपर्यंत गाळूनच प्यायची, लुगड्याच्या चौपदरी तुकड्यातून. तेव्हा आम्ही हसायचो.